पडद्यावरचे खेळ : एका मास्तराचीं मतें



साठी उलटलेल्या मास्तरानें व्हिडिओ गेमसारख्या विषयावर बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मात्र राग येईल. त्यांचा राग रास्त आहे. १९९० नंतरच्या दशकांत रत्नागिरीस आमच्या शाळेजवळच्या एका गाळ्यांत असले खेळ मांडलेले असत, आणि मधल्या सुटींत तेथें गेलेल्या मुलांना मीं कान धरून परत आणलेलें आहे. एकदां सातवींतील एका मुलाच्या दप्तरांत हातांत मावणारा 'ब्रिक गेम' सांपडला. तो मीं जप्त केला आणि "परीक्षा संपल्यावर घेऊन जा," असें सांगितलें. परीक्षा संपली. मुलगा भीतीनें आला नाहीं, आणि मींही त्याला बोलाविलें नाहीं. कारण तोंपर्यंत रोज रात्रीं जेवण आटोपल्यावर ओटीवर बसून तो खेळ मी स्वतःच खेळूं लागलों होतों. तेव्हां आजचीं मतें एका खेळणाऱ्याचीं आहेत, हें आधींच कबूल करतों.

त्या यंत्रांतील मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस. मॉस्को येथील अलेक्सेइ पाजित्नोव या संगणकज्ञानें तो १९८४ सालीं रचिला. चार चार चौकोन जोडून होणाऱ्या सात प्रकारच्या आकृती वरून एकेक करून खालीं येतात. त्या फिरवून, सरकवून अशा बसवावयाच्या कीं आडवी ओळ कोठेंही फट न राहतां भरून निघावी. भरलेली ओळ नाहींशी होते. फट राहिली तर ढीग चढत जातो आणि वरच्या कडेला लागला कीं खेळ संपतो. आमच्याकडे जांभ्या दगडाचें बांधकाम ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना यांतील मर्म चटकन् कळेल. जाणता गवंडी चिरा हातांत असतांनाच त्याची जागा नक्की करतो. ठेवल्यावर विचार करीत बसत नाहीं. या खेळांत विजय नाहीं, वेग मात्र वाढत जातो, आणि केव्हां तरी हात हरतो. १९८९ सालीं निघालेल्या त्याच्या टी. व्ही. वरील आवृत्तींत डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील एक १३ वर्षांचा मुलगा इतका पुढें गेला कीं अखेर यंत्रच अडून पडलें. त्याच्यापूर्वीं कोणाही मनुष्यानें ही मजल गांठली नव्हती. ती बातमी वाचतांना माझ्या कपाटांतल्या त्या जप्तीच्या मालाची मला फार लाज वाटली. माझ्या मतें आजवर झालेल्या खेळांत हा सर्वांत निर्मळ खेळ होय. त्यांत रक्त नाहीं, द्रव्य नाहीं, आणि गोष्टही नाहीं.

पुढें मुलाच्या हट्टानें घरांत टी. व्ही. ला जोडावयाचें यंत्र आलें आणि त्याबरोबर मारिओ आला. १९८५ सालच्या या खेळाची जपानी कंपनी निंटेंडो ही १८८९ सालीं क्योटो शहरांत पत्ते बनविण्यासाठीं निघाली होती, हें मला बरेंच उशिरा कळलें. तेव्हां सावंतवाडीचा गंजिफा डोळ्यांपुढें आला. दशावतारी गंजिफ्याचीं तीं १२० गोल पानें रंगविणारे हात आमच्या कोंकणांतही होते. तेथून येथवर कोणी कां आलें नाहीं, हा प्रश्न मनांत येतो आणि तसाच राहतो. असो. मारिओचा पहिला पडदा मात्र प्रत्येक शिक्षकानें एकदां पाहावा. सूचना एकही नाहीं. समोरून एक प्राणी चालत येतो. उडी मारली नाहीं तर तुम्ही मरतां, पण लगेच आरंभापासून पुन्हां चालूं लागतां. डोक्यावर चमकणारी वीट दिसते, तिला धडक दिली कीं नाणें निघतें. तीन मिनिटांत विद्यार्थी सारे नियम शिकतो आणि कोणी शिकवीत आहे असें त्याला वाटत नाहीं. मीं पस्तीस वर्षें शिकविलें, पण असा एकही पाठ मला साधला नाहीं. तिसऱ्या जगापलीकडे मी कधीं पोंचलों नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

प्रिन्स ऑफ पर्शिया हा १९८९ सालचा खेळ मीं शाळेच्या संगणकावर, मुलें गेल्यावर, दार लोटून खेळला. जॉर्डन मेकनर यानें आपल्या धाकट्या भावाला धांवतांना, उड्या मारतांना चित्रित केलें आणि त्या चित्रांवरून राजपुत्राची हालचाल काढली. म्हणूनच तो पडतो तेव्हां आपल्या पोटांत गोळा येतो. साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करावयाची असते. माझ्या हातून ती कधींच झाली नाहीं.

२०१२ सालीं निघालेला कँडी क्रश आमच्या घरांतील मंडळींचा आवडता आहे, म्हणून जपून बोलतों. तीन गोळ्या जुळविण्यांत वाईट कांहींच नाहीं. पण जीव पांच, ते संपले कीं नव्या जिवासाठीं अर्धा तास थांबावयाचें, नाहीं तर पैसे मोजावयाचे, ही योजना मला पसंत नाहीं. खेळणारा दमल्यावर खेळ थांबावा; दुकानदार सांगेल तेव्हां कां? याच्या उलट लुडो किंग. नवी मुंबईच्या कंपनीनें २०१६ सालीं काढलेला हा खेळ म्हणजे आपल्या पचिसीचा विलायतेस जाऊन आलेला नातू. २०२० च्या टाळेबंदींत मी येथें, बहीण दादरला आणि मुलगा पुण्यास असे आम्ही रोज चार वाजतां पट मांडीत असूं. फांसे यंत्र टाकीत असतांही "दादा, तूं लबाडी करतोस," असा बहिणीचा आरोप कायम असे. त्या महिन्यांत आम्हांला एकमेकांचे आवाज पुरवल्याबद्दल मी त्या खेळाचा ऋणी आहें.

आतां ज्याच्यामुळें घरोघर वाद होतात त्याकडे वळतों. माझ्या नातवाला इतिहासाच्या सनावळ्या येत नाहींत. पण पब्जी सप्टेंबर २०२० मध्यें बंद झाला, जुलै २०२१ मध्यें बी. जी. एम. आय. या नांवानें परतला, जुलै २०२२ मध्यें पुन्हां गेला आणि मे २०२३ मध्यें पुन्हां आला, हें त्याला मुखोद्गत आहे. शंभर जण विमानांतून बेटावर उतरतात, शस्त्रें हुडकतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जातें आणि अखेर एक जण किंवा एक चमू उरतो. नुसता हिंसेचा बाजार पाहावयास मिळेल या समजुतीनें मी त्याच्याजवळ बसलों. प्रत्यक्षांत अर्धा अधिक वेळ ऐकण्यांत जातो असें दिसलें : पाऊल कोणत्या बाजूस वाजलें, पत्र्यावर वाजलें कीं गवतांत. मी पहिल्याच मिनिटांत धांवत सुटलों आणि मेलों. नातू म्हणाला, "आजोबा, पळूं नका हो, नुसते बसा." त्या खेळाबद्दलचें माझें निम्में मत तेथें बदललें. उरलेलें निम्में बदललें नाहीं. दहावीचें वर्ष असून तो रात्रीं दोनपर्यंत जागा असे, जेवतांना बोलत नसे आणि हांक मारली कीं अंगावर येई. फोन काढून घ्यावा असें मुलाचें मत पडलें. जप्तीचा माझा पूर्वानुभव ध्यानांत घेऊन मीं विरोध केला. शोध केल्यावर कळलें कीं डाव मध्येंच सोडला तर त्याचे तीन सोबती उघडे पडतात. "पांच मिनिटांत बंद कर" हा आमचा हुकूम त्याला मित्रद्रोह वाटे. तेव्हां मिनिटें मोजणें आम्हीं सोडलें आणि डाव मोजूं लागलों : सायंकाळीं दोन, रात्रीं एकही नाहीं. पहिला महिना भांडणांत गेला. पुढें जमलें, अगदीं नेहमींच जमलें असें म्हणत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत खेळाच्या व्यसनाला स्थान आहे. खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून त्याला अग्रस्थान मिळणें, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणें, आणि हें साधारण वर्षभर टिकणें, या त्याच्या खुणा. नातवासाठीं म्हणून त्या मीं कागदावर उतरून घेतल्या, आणि वाचतांना ओशाळलों. कारण त्याच सुमारास मी फोनवर पैसे लावून रमी खेळत होतों. आरंभीं कंपनीनें आपण होऊन थोडी रक्कम खात्यांत घातली, दोन डाव मी जिंकलों, आणि पुढें सात महिन्यांत निवृत्तिवेतनांतले नऊ हजार चारशें रुपये घालविले. घरांत सांगितलें नाहीं. नातवानेंच एके दिवशीं बँकेचा संदेश वाचला आणि कांहीं न बोलतां फोन माझ्यापुढें ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशांचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत कीं नशिबाचे, सरसकट बंद करणारा कायदा संमत केला. त्यावर पुष्कळ वाद झाले. माझें मत विचाराल तर तो मला सात महिने उशिराच आला.

पुण्यांत तयार झालेला राजी हा २०२० सालचा खेळ आम्हीं दोघांनीं मिळून खेळला. दैत्यांनीं पळविलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णु यांचें निवेदन, राजस्थानी धाटणीचे महाल, सारें नेत्रसुखद आहे. मारामारी मात्र त्याच त्या पद्धतीची होते, आणि माझीं बोटें तोंवर सुजतात.

तो सातवींतला मुलगा आज मांडवीकडे बोटींचीं इंजिनें दुरुस्त करतो. गेल्या दिवाळींत ब्रिक गेम कागदांत गुंडाळून मी त्याच्याकडे गेलों. मीं कागद सोडला तेव्हां तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, सेल घातलेत काय?" घातलेले होते. हात पुसून तो तेथेंच एका पिंपावर बसला आणि वीस मिनिटांत माझा इतक्या वर्षांचा उच्चांक त्यानें मोडला.