जुन्या फोटोची मोजणी

जुना फोटो आणि आजचा फोटो मिसळून केलेलं जोडचित्र पाहताना नजर आधी सांध्यावर जाते: अर्ध्या रस्त्यात बैलगाडी, उरलेल्या अर्ध्यात ऑटोरिक्षा. रशियाचे छायाचित्रकार सेर्गेई लारेन्कोव्ह यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यातलं लेनिनग्राड आणि तेच शहर, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग, असंच एका चौकटीत आणलं. पण या कलेचं अवघड काम संगणकावर नाही, रस्त्यावर होतं. जुना कॅमेरा नेमका कुठे उभा होता, ते आधी शोधावं लागतं. त्यासाठी एक जवळची आणि एक लांबची अशा दोन पक्क्या खुणा हव्यात. जुन्या फोटोत खांबाआड लांबचं शिखर जेवढं लपलं असेल, तेवढंच आज लपेपर्यंत सरकत राहायचं. जागा चुकली तर भिंग बदलून किंवा फोटो कापून ती चूक झाकता येत नाही. अमेरिकेत मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांचे फोटो त्याच जागांवरून पुन्हा काढले, तेव्हा ऋतू आणि सावल्याही जुळवल्या. ही एक प्रकारची मोजणीच आहे, आणि मोजणीला शिवेचे दगड लागतात. वस्तीतले किती दगड जागेवर उरले, हे जोडचित्रातून कळतं. मराठवाड्यातल्या तीन जागा या कसोटीवर तपासून पाहण्यासारख्या आहेत.

लातूरची गंज गोलाई सोपी वाटते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली ही दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ची. मधोमध अंबाबाईचं मंदिर, भोवती येऊन मिळणारे सोळा रस्ते. इमारत जागेवर आहे, म्हणजे जुना फोटो सहज बसेल असं वाटतं. पण गोलाला कोपरा नसतो. कोणत्याही रस्त्याच्या तोंडाशी उभं राहिलं तरी समोर जवळपास तशीच वक्र भिंत येते. मग जागा पटते ती दुकानाच्या पायरीवरून, गल्लीच्या वळणावरून, मागे डोकावणाऱ्या छपरावरून. हा रस्ता सराफांचा की मिरची-गुळाचा, हे गोलाईकडे पाहून कळत नाही, भोवतीच्या बाजारावरून कळतं. ज्याला आपण पार्श्वभूमी म्हणून सोडून देतो, तोच इथला मुख्य साक्षीदार ठरतो.

नांदेडला हाच साक्षीदार विरळ झाला. महाराजा रणजितसिंह यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधलेला तख्त सचखंड हजूर साहिब हा गुरुद्वारा जागेवर आहे. मात्र २००८मध्ये गुरुता गद्दी या शीख सोहळ्याच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराचा कायापालट झाला. रस्ते रुंद झाले, गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर मोकळा करण्यात आला. लाखोंच्या गर्दीला वाट हवी होती, हे खरंच. पण जवळची भिंत गेली की लांबच्या घुमटाशी जुळवायला काही उरत नाही. घुमटावरून दिशा ठरवता येते. मूळ कॅमेऱ्याचं भिंग माहीत नसेल, तर अंतर ठरत नाही.

किल्लारीत तर जमीनच बदलली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी सरळ रेषेतल्या रस्त्यांवर वसवण्यात आली. जुन्या गावाचा फोटो नव्या गावात मिसळला तर चित्र देखणं होईल, पण खोटं ठरेल, कारण मधलं स्थलांतर त्यात दिसणार नाही. इथे दोन फोटो शेजारी ठेवावेत, मध्ये जागा सोडून.

यावर आक्षेप येईल की संगणकावर काहीही जोडता येतं, मग याला पुरावा का मानायचं? सांधा तपासता येतो, म्हणून. उभं राहण्याची जागा नोंदवली असेल, तर कोणीही तिथे जाऊन पडताळा घेऊ शकतो. अट एवढीच की दोन्ही मूळ फोटो सोबत द्यावेत आणि न दिसणारा भाग कल्पनेने भरू नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुने कॅमेरे मुख्यतः मोठ्या वास्तूंकडे वळले, साध्या वस्तीकडे नाही. पण लग्नाच्या वरातीचे, दुकानाच्या उद्घाटनाचे घरगुती फोटो याला उतारा ठरू शकतात. त्यांत माणसांमागे गल्ली नकळत आलेली असते. म्हणून रस्ता रुंद करण्याआधी तिथली साधी भिंत, ओटा, विजेचा खांबही टिपावा आणि कॅमेरा कुठे होता ते लिहून ठेवावं. पाडलेली भिंत त्याने परत येणार नाही, पण ती कुठे होती यावर वाद उरणार नाही.