अन्नापूर्वीं आणि अन्नानंतर

भुकेल्या मनुष्याला अन्नाची थोरवी सांगावी लागत नाहीं. भूकच तें काम करते. विसर पडतो तो पोट भरल्यावर. यहुदी लोकांच्या भोजनविधीचा पाया ह्याच अनुभवावर घातलेला आहे. मोशेच्या पांचव्या ग्रंथांत, आठव्या अध्यायांत, तृप्त झाल्यावर देवाची स्तुति करावी अशी आज्ञा असून, समृद्धीनें उन्मत्त होऊन दात्याला विसरूं नये, असा इशारा लागलीच पुढें दिलेला आहे. मूळ आज्ञा आहे ती भोजनोत्तर स्तुतीचीच. भोजनापूर्वींचीं वचनें मागाहून आचार्यांनीं लावून दिलीं.

त्यांचें कारण तालमूद ग्रंथांत मोठ्या मार्मिकपणें सांगितलें आहे. स्तोत्रसंहितेंत एके ठिकाणीं पृथ्वी देवाची म्हटली आहे, तर दुसऱ्या ठिकाणीं ती मनुष्यांना दिली, असें म्हटलें आहे. आचार्यांनीं मेळ घातला तो असा: स्तुतिवचन उच्चारण्यापूर्वीं सर्व कांहीं देवाचें, उच्चारल्यावर तें मनुष्याचें. अर्थात् वचनाविना खाणें हा देवस्वाचा अपहार ठरतो.

ह्या वचनाला हिब्रू भाषेंत 'ब्राखा' म्हणतात. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत त्याचे प्रकार दिलेले आहेत. भाकरीचें वचन निराळें, द्राक्षारसाचें निराळें. झाडाच्या फळांचें एक, भूमीच्या उत्पन्नाचें दुसरें. पाणी, दूध, मासे ह्यांना एक सर्वसामान्य वचन चालतें. केळें मात्र झाडाचें फळ मानीत नाहींत. कारण घड दिल्यावर केळीचें खोड मरतें, म्हणून तें भूमीचें फळ. हातांतला पदार्थ कोठून आला, ह्याचा विचार केल्यावांचून योग्य वचन ओठांवर येतच नाहीं.

भाकरीच्या जेवणानंतर चार स्तुति म्हणतात. पहिली सर्व प्राणिमात्रांच्या अन्नाविषयीं, दुसरी भूमीविषयीं, तिसरी यरुशलेमेविषयीं. चौथीची कथा करुण आहे. इ. स. १३५ मध्यें रोमन सैन्यानें बेतार नगर पाडलें. तेथील मृतांना कालांतरानें मूठमाती देण्याची परवानगी मिळाली, तेव्हां यावने येथील आचार्यांनीं ही स्तुति घालून दिली, असें तालमूद सांगतें. पराभूत समाजानें ज्या कृपेची आठवण भरल्या ताटाशीं जोडली, ती एवढीच होती!

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाहीं. कोंकणांतून आलेले मराठीभाषी बेने इस्राएल लोक शुभकार्याच्या प्रसंगीं किंवा नवस फेडतांना 'मलिदा' करतात. गोड पोहे, खोबरें आणि फळें ताटांत मांडून एलियाहू नबीचें स्मरण होतें. मग फळांवर त्यांचीं त्यांचीं वचनें म्हणून प्रसाद वांटतात. वचनें हिब्रू, ताट मात्र कोंकणी.

अशीं वचनें म्हणावयास फार वेळ लागत नाहीं. परंतु घांस उचलण्यापूर्वीं क्षणभर हात थांबतो, आणि तृप्त मनुष्य पानावरून उठण्यापूर्वीं क्षणभर बसून राहतो. आचार्यांना साधावयाचें होतें तें हेंच.