‘बरे झाले’ असे लिहिल्यानंतर



गेल्या नाताळ अंकात आभारस्तुतीच्या सदरात आपण वाचले असेल, की धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरचे आपले एक बंधू तोंडाच्या कर्करोगातून पूर्ण बरे झाले. ते वाक्य माझेच. खोटे नव्हते, तपासणीत गाठ राहिलेली नाही. पण ते अर्धेच होते, आणि उरलेले अर्धे मला सहा महिन्यांनी कळले.

हे काका प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर वाटण्याआधीच उठून बाहेर जाऊ लागले. मुंबईहून आल्यापासून यांचा विश्वास डळमळला, अशी कुजबुज मंडळीत सुरू झाली. मलाही तसेच वाटले, हे कबूल करते. घरी भेटायला गेले तेव्हा त्यांची पत्नी म्हणाली, "सिस्टर, त्यांचं तोंडच उघडत नाही."

निरोगी माणसाच्या तोंडात साधारणपणे त्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक मावतात. काकांचे एक बोट जेमतेम जात होते. ज्वारीची भाकर सुटली होती, पातळ पेजेवर दिवस चालले होते. घास अडकून ठसका लागतो, म्हणून ते जेवायला वेगळे बसत. नातवंडांना वाटे, आजोबांचा आजार लागतो. कर्करोग एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे त्या घरात कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही.

असे का होते? शस्त्रक्रियेचे व्रण आणि किरणोपचार, ज्याला आपले लोक ‘शेक’ म्हणतात, यांमुळे जबड्याचे स्नायू कडक होतात. हे लगेच होते असे नाही. पुष्कळदा उपचार संपून काही महिने गेल्यावर जबडा आखडत जातो, म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज आणि दीर्घकाळ करावा लागतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. खर्च जवळजवळ नाही. रुग्णालयात काकांना हे दाखवलेही होते, पण मराठीत आणि घाईत. काका घरी पावरी बोलतात. काड्या ‘घरी जाईपर्यंत’ वापरायच्या, असा त्यांचा समज झाला होता.

शेकाने लाळही आटते. तोंड कोरडे पडले की दात लवकर किडतात. अशा रुग्णाने बाजाराच्या दिवशी कोणाकडेही दात उपटून घेऊ नये. जबड्याला शेक मिळालेला असेल तर हाडाची जखम भरून येत नाही, असेही होते. दाताला हात लावू देण्याआधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारावे. आणि तंबाखू, विडी पुन्हा नाही. हे सांगणे सोपे; मजुरीवर भूक मारायला तीच हाताशी असते.

स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या एका बहिणीचा हात सुजतो. काखेतील गाठी काढल्यावर असे होऊ शकते. योग्य मालीश आणि दाबपट्टी यांनी सूज आटोक्यात राहते, पण पट्टी बांधायला शिकवणारे माणूस तिच्या पाड्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. यंदा ती ऊसतोडीला गेली नाही. घरात पैशाची चणचण आहे, आणि ती स्वतःला ओझे समजते.

उपचाराचा मोठा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचार व तपासणीच्या प्रवासासाठी शयनयान वर्गात पूर्ण सवलत असते आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. पण नंदुरबार स्टेशनापर्यंतचा जीपखर्च, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि रोजची अंडी व दूध यांची सोय कुठल्याच कागदात नाही. शस्त्रक्रियेसाठी आपण उदारपणे देत आला आहात. या तिमाहीत आम्ही या नंतरच्या खर्चासाठी मागत आहोत. पैशाइतकीच गरज मुंबईतील मंडळ्यांतून रुग्णासोबत एक दिवस रांगेत बसणाऱ्या माणसांची आहे.

काकांचे तोंड आता दीड बोट उघडते. पाळकसाहेब त्यांना भाकरीचा लहानसा तुकडा द्राक्षरसात भिजवून देतात. पुढची तपासणी दिवाळीआधी आहे. सोबत जायला अजून कोणी मिळालेले नाही.