आरोग्य विमा किती रकमेचा काढावा?



हंगामात गट कार्यालयात बसलो की उसावर उचल मागायला सभासद येतात. कारण विचारावे तर लग्न नाही, विहीर नाही, दवाखाना. "साहेब, विमा होता, पण पुरला नाही," असे सांगणारेही आता भेटतात. बेणे डोळे मोजून लावणारे आपण, विम्याचा आकडा मात्र एजंट सांगेल तो धरतो. म्हणून हा हिशेब.

प्रथम सरकारी योजना पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ७० वर्षांवरील वडीलधाऱ्यांसाठी २०२४ पासून केंद्राचे आयुष्मान कार्डही आहे. ही कार्डे आधी काढून ठेवा. मात्र ठरलेले आजार आणि ठरलेली रुग्णालये एवढ्यापुरतीच ही सोय आहे. तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

आता स्वतःच्या विम्याचे. घरातली माणसे मोजून लाखाने गुणू नका. कुटुंबाचा एकत्र विमा म्हणजे सामाईक विहीर; एकाने जास्त उपसा केला की दुसऱ्याच्या पाळीला पाणी कमी. म्हणून एका वर्षात येऊ शकणारा मोठ्यात मोठा खर्च धरा. अडचणीला आपण ज्या शहरात धावतो, तिथल्या रुग्णालयात हृदयाच्या किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च आजच विचारून ठेवा.

समजा, तो ४ लाख निघाला. त्याच वर्षी घरात दुसरे आजारपण आले तर २ लाख धरा. झाले ६ लाख. उपचार दरसाल दहा टक्क्यांनी महागले, तर सात-आठ वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे अशा घराला १० ते १२ लाखांचे संरक्षण हवे.

एवढा हप्ता झेपत नसेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी घ्यावी आणि त्यावर सुपर टॉप-अप जोडावी. वर्षाची बिले मिळून ५ लाखांवर गेली की पुढचा भार ती उचलते. तिचा हप्ता बराच कमी पडतो. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक आजारपणाचे बिल वेगळे धरतात, हा फरक विचारून घ्या. आई-वडिलांची पॉलिसी शक्यतो वेगळी ठेवा. एकत्र विम्यात हप्ता सर्वांत वयस्कर माणसावर ठरतो.

रक्कम मोठी असूनही पैसे कमी मिळतात, त्याची दोन कारणे आमच्या पाहण्यात आली. एक, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादा ५ हजारांची आणि खोली १० हजारांची घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारख्या इतर खर्चातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. दुसरे, लपवलेला आजार. साखर, बी.पी. असेल तर अर्जात स्पष्ट लिहा. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते; पण लपवले तर दावाच नाकारला जातो.

हप्त्याची तारीख ऊस बिलाच्या आसपास येईल असे पाहा. पॉलिसी बंद पडली तर थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

खताचा डोस आपण माती तपासून ठरवतो. हा हिशेबही घरच्या सर्वांनी, विशेषतः घरातल्या बायामाणसांनी, एकत्र बसून करावा. दवाखान्यापायी रान गहाण पडू नये, एवढीच आमची तळमळ आहे.