एवढ्याशा पाखराला लागलं तर

शेळ्या, कोंबड्या, गाई-म्हशींच्या आजारांबद्दल आपण या कार्यक्रमात बरेचदा बोलतो. आज मात्र ओंजळीत मावेल अशा जिवाबद्दल बोलायचं आहे. त्याला कारण आमच्याच गटात घडलं.

गटातल्या एका ताईंच्या घरी दिवाळीत लेकीसाठी पाखरांची जोडी आणली, एक हिरवं, एक निळं. आठवडी बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात ना, तीच. त्यांचं खरं नाव बजरीगर. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा लहानसा पोपट. पिंजरा ओट्यावर खालीच ठेवलेला होता. आत आमची बैठक चालू होती आणि बाहेर मांजरानं गजांतून पंजा घातला.

आरडाओरडा ऐकून आम्ही सगळ्या धावलो. हिरव्याच्या पाठीला लागलं होतं. निळ्याच्या नखातून रक्त येत होतं आणि एक पंख लोंबत होता. घरात माणसाला लागलं की जे करतो तेच आम्ही केलं. हिरव्याच्या जखमेला हळद-तेल लावलं, चमच्यानं चोचीत पाणी घातलं, वारा लागावा म्हणून पंख्याखाली ठेवलं. भोवती दहा जणी वाकून बघत होतो. दिवेलागणीला ते गेलं.

निळ्याला तालुक्याला न्यावं का, यावर चर्चा झाली. "शंभर-दीडशेच्या पाखरासाठी एसटीनं कोण जाणार?" असंही कुणी म्हणालं. पोर काही बोलली नाही. सकाळी उठून खोकं हातात घेऊन दारात उभी राहिली. मग आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी तिथे जे समजावलं, ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, चोचीत पाणी घालायचं नाही. पाखराच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. घाबरलेल्या पाखराला बळंच पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं. हिरवं पाण्यानं गेलं की मांजराच्या दातानं, हे आता सांगता येणार नाही. पण आमच्या पाण्यानं त्याचं भलं झालं नाही, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट, तेल, तूप, मलम पिसांना लावायचं नाही. पिसांमध्ये हवा धरलेली असते, तीच त्याची गोधडी. तेलानं पिसं चिकटली की गोधडी गेली. पाखराचं अंग आपल्यापेक्षा गरम, साधारण ४० ते ४२ अंश. जखमी पाखरू गारठलं तर जखमेआधी गारठ्यानंच मरतं. पंख्याखाली ठेवलं ही आमची तिसरी चूक.

मग करायचं काय? बुटाचं किंवा तेवढंच पुठ्ठ्याचं खोकं घ्या. झाकणाला चार-सहा भोकं पाडा. तळाला जुनं सुती कापड घाला, दोरे सुटलेलं नको, नखं अडकतात. पाखराला त्यात ठेवून खोकं शांत जागी ठेवा. चुलीचा धूर, टीव्हीचा आवाज, मांजर, कुत्रं, सगळ्यांपासून लांब. अंधारात पाखरू शांत होतं.

ऊब द्यायची ती खोक्याच्या एकाच बाजूला. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हणजे जास्त झालं तर ते दुसऱ्या बाजूला सरकेल. आतली हवा ३० अंशांच्या आसपास पुरे. कोंबडीची पिल्लं बल्बखाली वाढवलेल्या बायांना हे सांगायला नको. पिल्लं गारठली की बल्बखाली गोळा होतात, तापली की लांब पळतात. इथंही तसंच. पिसं फुलवून बसलं असेल तर त्याला गार लागतंय. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब धरले असतील तर उकडतंय. फिरत्या पंख्यावर किंवा काचेवर आपटून डोक्याला मार बसला असेल, तर मात्र जादा ऊब देऊ नका. अंधार आणि शांतता पुरे.

आता रक्ताचं. बजरीगराचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. त्याच्या अंगात सगळं मिळून तीन-चार मिलिलिटर रक्त, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. आपल्याला दहा-बारा थेंब म्हणजे काहीच वाटत नाही, त्याच्या जिवावर बेततं. नख तुटून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून काही मिनिटं दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. उघड्या जखमेत मात्र पीठ, हळद काही भरायचं नाही. स्वच्छ कापडानं हलकं दाबा. धुवायची वेळ आलीच तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा पाऊण चमचा मीठ घालून तेवढीच जागा पुसा, अंग भिजवू नका. नवं येणारं पीस तुटलं तर त्याच्या नळीतूनही रक्त येतं. ते घरी उपटू नका, दाबून धरून डॉक्टरांकडे न्या.

पाखराला धरायचं कसं हेही शिकलो. मऊ फडक्यात घ्यायचं, पंख अंगाशी मिटलेले, मान दोन बोटांच्या मध्ये. छाती दाबायची नाही. श्वास घेताना त्याच्या छातीचं हाड पुढं-मागं हलावं लागतं. मुठीत आवळलं तर नाक-तोंड मोकळं असूनही ते गुदमरतं. लहान मुलं प्रेमानं घट्ट धरतात, त्यांना हे जरूर सांगा.

लोंबणाऱ्या पंखाला काडी बांधू नका, चिकटपट्टी लावू नका. पट्टीबरोबर पिसं निघतात. खोकं लहान असलं की पंख फडफडत नाही, घरी तेवढंच करायचं. बांधायचं काम डॉक्टरांचं. आपली तापाची, दुखण्याची गोळी तर अजिबात द्यायची नाही. एवढ्याशा जिवाला कणभरही जास्त होतं.

आणि मैत्रिणींनो, मांजराचा दात किंवा नख लागलं असेल तर वाट बघू नका. जखम दिसली नाही तरी. मांजराच्या तोंडातले जंतू पाखराच्या रक्तात गेले तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. त्यावर डॉक्टरांचं औषध काही तासांत सुरू व्हायला हवं. आम्ही रात्रभर थांबलो ते चुकलंच. निळं वाचलं ते त्याचं नशीब.

जायच्या आधी दवाखान्यात फोन करून पक्षी बघतात का विचारा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा नंबर आहे. एसटीत खोकं मांडीवर घ्या, इंजिनाजवळ ठेवू नका. दुचाकीवर असाल तर दोघांच्या मध्ये धरा, वारा लागू देऊ नका. कधी लागलं, कशानं लागलं, खाल्लं का, विष्ठा कशी होती, हे लिहून न्या.

घरी आणल्यावर पिंजऱ्यातल्या काठ्या अगदी खाली लावा. तळाला कागद घाला, रोज बदला. राळे, बाजरी आणि पाणी जवळच उथळ झाकणात ठेवा. दिवसा उजेड द्या, अंधारात ते खात नाही, आणि इतकं लहान पाखरू दिवसभर उपाशी राहू शकत नाही. आम्ही गटाचा जुना, आता मसाल्याला न वापरला जाणारा काटा काढला आणि रोज सकाळी निळ्याचं वजन वहीत लिहिलं. तीन-चार ग्रॅम उतरलं तरी डॉक्टरांना कळवायचं ठरलं होतं. शेपटी श्वासाबरोबर खाली-वर हलणं, तळाशी डोळे मिटून बसणं, ही वाईट लक्षणं. पाखरू दुखणं लपवतं, दिसायला लागलं म्हणजे ते बरंच पुढं गेलेलं असतं. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, आणि वाळलेली विष्ठा झाडू नका, ओली करून पुसा. तिच्या धुळीतून माणसालाही आजार होतो.

एक गोष्ट कायद्याची. आपला रानातला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पोपट, घुबड, कोणताही रानपक्षी जखमी सापडला तर त्याला खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर कळवा. मांजा गुंतला असेल तर ओढू नका, पाखराकडचा दोरा तसाच ठेवून बाकीचा कापा.

निळ्याचा पंख बांधला होता. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टी काढली. आता ते उडतं, पण थोडं डावीकडे कलून. पिंजरा उंच खुंटीला टांगला आहे. एसटीला कोण जाणार म्हणणाऱ्या वहिनींनीच परवा बैठकीत विषय काढला, म्हणून आम्ही दोन गोष्टी वहीत लिहिल्या. ज्या घरी पाखरू, त्या घरी भोकं पाडलेलं खोकं, सुती फडकं आणि कॉर्नफ्लोअर तयार हवं. आणि पाखरू विकत घेण्याआधी ते बघणारा डॉक्टर कुठं आहे, ते विचारून ठेवायचं.

तुमच्या गटातही हे वाचून दाखवा. पुन्हा भेटू. नमस्कार.