पहिली पदवी आणि पुढची वाट

दहावीचा निकाल लागला की आपल्या बेळगाव परिसरातील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "पी.यू.सी.ला सायन्स मिळेल ना?" सायन्स नाही मिळाले तर कॉमर्स, आणि तेही जमले नाही तर आर्ट्स, अशी उतरंड आपण मनाशी ठरवून टाकली आहे. आर्ट्स घेणाऱ्या मुलाला नातेवाईक "पुढे काय करणार?" असे विचारतात. हा प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर कोणी नीट शोधत नाही, ही खरी अडचण होय. अमेरिकेतील 'लिबरल आर्ट्स' महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे कोणत्या वाटा धरल्या, हे पाहिले असता त्या उत्तराचा काही उलगडा होतो. तो करून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयीचा गैरसमज दूर केला पाहिजे. येथे 'आर्ट्स' म्हणजे आपली कला शाखा नव्हे. इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा, संगीत यांच्या जोडीने गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र हेही विषय त्यात येतात. पदवीचा काळ चार वर्षांचा असतो. आरंभी विद्यार्थी निरनिराळे विषय घेऊन पाहतो आणि साधारणतः दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपला मुख्य विषय निश्चित करतो. मिनेसोटा राज्यातील कार्लटन, आयोवातील ग्रिनेल, मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट ही अशा महाविद्यालयांची परिचित उदाहरणे. कार्लटनची स्थापना १८६६ सालची. तेथील विद्यार्थिसंख्या आजही दोन हजारांच्या आसपास आहे. या तिन्ही ठिकाणी डॉक्टरेटचे विद्यार्थी नसतात. त्यामुळे प्राध्यापकाला प्रयोगशाळेत मदतनीस हवा असेल, तर तो पदवीच्या वर्गातूनच घ्यावा लागतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला संशोधन म्हणजे काय, हे अशा रीतीने जवळून पाहावयास मिळते.

मग हे विद्यार्थी पुढे पोट कसे भरतात? या प्रश्नाचे उत्तर तेथील शिक्षणाच्या रचनेत आहे. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर तीन वर्षांचे, वैद्यकाचे पदवीनंतर चार वर्षांचे. वैद्यकाकडे जाणाऱ्याने रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान हे विषय पदवीच्या काळात पुरे केलेले असावे लागतात. मुख्य विषय मात्र इतिहास असला तरी चालतो. व्यवस्थापनाच्या पदवीकडे बहुतेक जण काही वर्षे नोकरी करून मगच वळतात. डॉक्टरेटला एम.ए. न करता थेट प्रवेश मिळू शकतो. तिला पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळून त्याबदल्यात अध्यापनात किंवा संशोधनात साह्य करावे लागते. थोडक्यात, पहिली पदवी ही तेथे व्यवसायाची सनद नसून दुसऱ्या पायरीची पूर्वतयारी असते.

या दोन पायऱ्या कशा जोडल्या जातात, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. रॉबर्ट नॉइस १९४९ मध्ये ग्रिनेलमधून पदवीधर झाले, १९५३ मध्ये त्यांनी एम.आय.टी.ची डॉक्टरेट मिळविली आणि १९६८ मध्ये 'इंटेल' या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. त्याच ग्रिनेलचे थॉमस चेक बर्कलेला रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९८९ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. विद्यार्थिसंख्येच्या मानाने अशी लहान महाविद्यालये विज्ञानातील डॉक्टरेटकडे अधिक विद्यार्थी पाठवितात, असे त्यांनी १९९९ मध्ये आवर्जून लिहिले. ॲमहर्स्टचे जोसेफ स्टिग्लिट्झ एम.आय.टी.त अर्थशास्त्र शिकले आणि २००१ मध्ये नोबेलचे सहमानकरी झाले.

तथापि आपल्याला जवळची वाटतील अशी उदाहरणे दोन विदुषींची आहेत. एलिनॉर झेलियट यांचे पदवीशिक्षण आयोवातील विल्यम पेन या लहानशा महाविद्यालयात झाले. पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात त्यांनी डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर कार्लटनमध्ये त्यांनी सुमारे तीन दशके इतिहास शिकविला आणि तेथील विद्यार्थ्यांना पुण्यास आणून मराठी भाषेची व मराठी समाजाची ओळख करून दिली. गेल ऑम्व्हेट या तर कार्लटनच्याच पदवीधर. बर्कले येथे १९७३ मध्ये पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीविषयी होता. पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावी कायमच्या राहिल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या सत्यशोधक समाजाचा इतिहास आपल्या दाराशी होता, तो अभ्यासण्यासाठी मिनेसोटाची मुलगी मराठी शिकली, ही गोष्ट आपल्याला विचार करावयास लावणारी आहे.

यावरून "आर्ट्स घ्या, सर्व काही ठीक होईल" असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. आपल्याकडील रचना वेगळी आहे. पी.यू.सी.ला सायन्स न घेतलेल्या मुलाला वैद्यकाचे दार व्यवहारतः बंदच होते. कर्नाटकाने २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली होती. २०२४ मध्ये ती पुन्हा तीन वर्षांची झाली. अमेरिकेतील या महाविद्यालयांचे शुल्कही फार मोठे असते. शिवाय मानव्यविद्यांत डॉक्टरेट घेतलेल्यांना कायम स्वरूपाची प्राध्यापकी मिळणे तेथेही दुर्घट झाले आहे.

तरीही मूळ तत्त्व येथे लागू पडते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण घेता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी पुरते, शाखा पाहिली जात नाही. बी.एड., समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या हे मार्ग आहेत, एम.ए. करून 'नेट' देता येते. आणि मराठी, कन्नड, इंग्रजी या तीन भाषांत सहज वावरणारा आपला विद्यार्थी भाषांतराच्या क्षेत्रात इतरांहून चार पावले पुढे असतो. मात्र यांपैकी कोणतीही वाट पदवीच्या शेवटच्या दिवशी अचानक सापडत नाही. दुसऱ्या वर्षीच पुढची पायरी डोळ्यांसमोर हवी, एखाद्या विषयात सखोल वाचन हवे, लेखनाचा नियमित सराव हवा, आणि विद्यार्थ्याला नावानिशी ओळखणारा एक तरी अध्यापक हवा. बी.ए. वाया जाते ते शाखेमुळे क्वचितच. पुढच्या पायरीचा विचार न केल्यामुळे बहुधा जाते.

लहान महाविद्यालयांचे आणखी एक बळ त्यांच्या माजी विद्यार्थ्यांत असते. ते परत येऊन मुलांना आपला अनुभव सांगतात, अर्ज कसा लिहावा हे दाखवितात, ओळखी करून देतात. यासाठी मोठ्या निधीची गरज नसते. आपल्या शाळेतून कला शाखेकडे गेलेले कितीतरी जण आज वकिली, अध्यापन, शासकीय सेवा, पत्रकारिता या क्षेत्रांत असतील. त्यांच्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एकदा दहावीच्या वर्गासमोर उभे राहून आपली वाट, त्या वाटेवरील खाचखळग्यांसह, सांगावी. मग "पुढे काय करणार?" या प्रश्नाला उत्तर देताना त्या वर्गातील मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.