घाईचे फर्मान

गेल्या महिन्यात रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्रयोगशाळेतून डीएनए वाचणारे जुने यंत्र भंगाराच्या टेम्पोत चढले आणि त्याच सप्ताहात '२४ तासांत अहवाल' हे फर्मान सहीसाठी फिरू लागले. तेव्हा गतकाळाची उजळणी करणे मला भाग पडले.

१९७७ साली सँगर यांनी डीएनएची अक्षरे वाचण्याची रीत दिली, २००२ साली परळची कर्करोग संशोधन संस्था खारघरला येऊन 'अॅक्ट्रेक' झाली, २००३ साली मानवी जनुकसंचाचा प्रकल्प समाप्त झाला. या वर्षांत मी हजेरीपट भरण्यापलीकडे काही केले नाही.

माझी खरी कारकीर्द २०१२ नंतरची. भंगारात गेलेल्या त्या हायसेक २५०० यंत्राला दोन चाली होत्या : ११ दिवसांत सुमारे ६०० अब्ज अक्षरे वाचणारी संथ आणि २७ तासांत १२० अब्ज वाचणारी शीघ्र. वेग हवा असेल तर वाचन थोडे घ्या, असा यंत्राचा रोखठोक सौदा होता. आमच्या साहेबांना मात्र दोन्ही हवे होते, म्हणून एका पावसाळी रात्री त्यांच्या हुकमावरून फ्लो सेलवर, म्हणजे वाचन होते त्या काचपट्टीवर, ठरल्या मात्रेच्या दीडपट लायब्ररी, म्हणजे वाचनासाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे, चढली, आणि नोंदवहीत सही माझी होती. पहाटे पडद्यावर पाहतो तो पाखडलेल्या ज्वारीसारखे सुटे दिसायचे ते क्लस्टर, म्हणजे एकाच तुकड्याच्या प्रतींचे पुंजके, गिजगा झालेल्या भातासारखे एकमेकांस चिकटलेले. क्यू ३०, म्हणजे हजार अक्षरांत एक चूक, या कसोटीला उतरणारा हिस्सा ढासळला आणि सारा रन, म्हणजे वाचनाची ती अख्खी फेरी, बाद झाला. पुन्हा रन लावला तेव्हा एका रुग्णाचा नमुना संपलेला होता. अहवालात त्याचा रकाना कोराच गेला.

वेगाशी माझे वैर नाही. २०२१ च्या ऑगस्टात मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात जनुकक्रम प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा करोना विषाणूच्या सुमारे ३०,००० अक्षरांसाठी त्वरा हाच धर्म होता. परंतु कर्करोगाच्या अर्बुदातील विकृती कधी शंभरांतील दोन-चार रीडांतच, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांतच, दिसते; तेथे शेकडा एक चूक म्हणजे खऱ्याखोट्याची सरमिसळ. अॅक्ट्रेकच्या संशोधकांनी भारतीय कर्करुग्णांचे ६२ निरोगी नमुने तपासून २०१६ साली प्रसिद्ध केलेला जन्मजात भेदांचा संग्रह अशाच दुसऱ्या सरमिसळीवरचा, जन्मजात भेद अर्बुदाची विकृती समजण्यावरचा, धीमा उतारा होता.

नव्या फर्मानात रन डोळ्यांनी तपासण्याचा टप्पा बरखास्त केला आहे. साहेब बदलले, तगादा तोच राहिला. त्या कागदावर सर्वांच्या सह्या झाल्या. माझ्या नावापुढचा रकाना कोरा आहे.